वेठ नाकारायला बळ देणाऱ्या बाई : गोदावरी परुळेकर



ऑगस्ट महिना आला की आपल्या शाळांत एकच धांदल असते. कवायत, समूहगीत, झेंडावंदनाची रंगीत तालीम आणि भाषणं. मॅडम, आमच्या मुलीला एक छान भाषण पाठवा, असे पालकांचे मेसेज यायला लागतात. आपण टिळक, गांधीजी, नेहरू, सावित्रीबाई यांच्यावरची भाषणं देतो. आपल्या कर्जत-खालापूर भागात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं नाव तर हवंच. सिद्धगडची गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते.

पण १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी, म्हणजे १४ ऑगस्टला, एका मोठ्या बाईंची जयंती असते आणि ती आपल्या बहुतेक शाळांत तशीच निघून जाते. त्यांचं नाव गोदावरी परुळेकर. मी डी.एड. करत होते तेव्हा सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्याविषयी एक ओळ वाचली होती, वारल्यांच्या उठावाच्या नेत्या. परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरले. आदिवासी वाडीवरच्या शाळेत नोकरी लागली, त्यानंतर त्या ओळीचा अर्थ हळूहळू कळायला लागला. म्हणून यंदा हा पाठ त्यांच्यावर.

बालपण आणि शिक्षण

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं आडनाव गोखले. वडील वकील, घर सुशिक्षित, खाऊन-पिऊन सुखी. ज्या काळात मुलीला चार इयत्ता शिकवणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात त्या फर्ग्युसन कॉलेजात गेल्या, पदवी घेतली आणि पुढे कायद्याचा अभ्यास केला. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

म्हणजे बघा, त्यांच्यापुढे सरळ रस्ता होता. वकिली करायची, नाव कमवायचं, पुण्यात सुखानं राहायचं. पण १९३२ मध्ये त्या स्वातंत्र्याच्या सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. घरी हे रुचलं नाही. वडील मवाळ विचारांचे होते. शेवटी गोदावरीबाईंनी घर सोडलं आणि मुंबई गाठली. शिकलेल्या मुलीनं नोकरीसाठी बाहेर पडणं आज आपल्याला साधं वाटतं. पण १९३० च्या दशकात अविवाहित मुलीनं मतभेदामुळे घर सोडून सार्वजनिक कामात शिरणं म्हणजे काय, याचा विचार आपण करून पाहावा.

साक्षरतेपासून सुरुवात

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. आयुष्य सेवेला वाहून घेणारे आजीव सदस्य तिथे असत आणि गोदावरीबाई या त्यातल्या पहिल्या महिला. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांच्या कामाची सुरुवात प्रौढ साक्षरता मोहिमेतून झाली. १९३७-३८ च्या सुमारास त्या मोठ्या माणसांना अक्षरं शिकवण्याच्या कामात होत्या. त्याच सुमारास घरकाम करणाऱ्या मोलकरणींची संघटना बांधायलाही त्यांनी घेतली. आज आपण घरेलू कामगार हा शब्द वापरतो. तेव्हा त्या बायकांना कामगार म्हणायचंही कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

इथे थोडं थांबून आपल्या जिल्ह्याकडे बघू. तेव्हा रायगडचं नाव कुलाबा होतं. कोकणात खोती पद्धत होती. कसणारा एक आणि पिकाचा मोठा वाटा नेणारा दुसरा. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळपास सहा वर्षं शेती न करण्याचा संप चालवला. १९३८ च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं खोतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्या मोर्चात बाबासाहेबांबरोबर पुढे असलेल्यांत एक होते शामराव परुळेकर. तेही भारत सेवक समाजातलेच. १९३९ मध्ये गोदावरीबाई आणि शामरावांचं लग्न झालं. त्याच सुमारास दोघांनी ती संस्था सोडली आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्धाच्या काळात पुन्हा तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर किसान सभेचं काम सुरू झालं.

टिटवाळ्याची सभा

टिटवाळा म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. कर्जत-खोपोलीची लोकल पकडायची, कल्याणला गाडी बदलायची की आलं टिटवाळा. तिथे १९४५ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या किसान सभेचं अधिवेशन भरलं. त्याला उंबरगाव भागातले काही वारली आदिवासी आले होते. आज उंबरगाव गुजरातमध्ये आहे, तलासरी-डहाणू पालघर जिल्ह्यात आहे. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. आपलं कर्जतही एके काळी ठाणे जिल्ह्यातच होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

या वारल्यांनी आपली परिस्थिती मांडली. ती थोडक्यात सांगते.

जमीन एके काळी त्यांचीच, पण सावकार-जमीनदारांच्या नावावर गेलेली. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी घ्यायची, म्हणजे खाण्यापुरतं धान्य उधार. कापणीनंतर ते वाढीव मापानं फेडायचं. फिटलं नाही की जमीनदाराच्या शेतावर वेठ. वेठ म्हणजे फुकट राबणं. आधी मालकाचं शेत लावायचं, मग स्वतःचं. तोवर पाऊस निघून गेलेला असे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले की तो तरुण मालकाचा गडी व्हायचा. लग्न झाल्यावर त्याची बायकोही त्याच घरी राबायची. कर्ज कधी फिटायचं नाही, कारण हिशेब मालकाच्या वहीत आणि वही वाचता येणारा गड्याकडे कुणी नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू. विरोध केला तर मारहाण. बायकांवर काय अत्याचार होत, हे लहान मुलांना सांगता येणार नाही, पण आपल्याला ते माहीत असायला हवं.

झरी : २३ मे १९४५

टिटवाळ्यानंतर गोदावरीबाई त्या भागात गेल्या. भाषण करून परत येणं त्यांनी केलं नाही. त्या तिथे राहिल्या. पायी फिरल्या, झोपड्यांत मुक्काम केला, समोर येईल ते खाल्लं, लोकांची बोली समजून घेतली. सुरुवातीला माणसं त्यांच्याशी बोलायलाही घाबरत. पांढरपेशी बाई म्हणजे मालकाच्या बाजूचीच असणार, असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. तो विश्वास एका दिवसात आला नाही.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी परिषद झाली. हजारो माणसं जमली. तिथे साधे, कुणालाही समजतील असे निर्णय झाले. वेठ करायची नाही. जमीनदाराच्या जमिनीवर फुकट काम करायचं नाही. दिवसाची मजुरी रोख बारा आणे मिळाल्याशिवाय कामाला जायचं नाही. कुणी मारलं तर एकट्यानं सोसायचं नाही, सगळ्यांनी मिळून उभं राहायचं.

झरीहून माणसं आपापल्या गावी गेली आणि हा निरोप पाड्यापाड्यावर पोचला. तो पोचवला वारल्यांनीच. छापील पत्रक वाचणारं तिथे होतंच कोण! तोंडोतोंडी बातमी गेली आणि पावसाळ्यात शेतं लावायची वेळ आली तेव्हा फुकट राबायला माणसंच आली नाहीत. लग्नगड्यांनी मालकांची घरं सोडली. शेकडो वर्षांची गोष्ट काही आठवड्यांत मोडायला लागली.

तलवाड्याचा गोळीबार

पुढे गवतकापणीचा हंगाम आला. त्या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे आणि त्यात व्यापाऱ्यांना चांगला पैसा होता. वारल्यांनी मागणी केली की ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत. व्यापारी आणि जमीनदार तयार नव्हते. संप सुरू झाला.

ऑक्टोबर १९४५ मध्ये अशी अफवा पसरवण्यात आली की तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे. आपल्या बाईला वाचवायचं म्हणून हजारो वारली काठ्या घेऊन तिकडे धावले. प्रत्यक्षात बाई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. पाच जण मेले. त्यातलं जेठ्या गांगड हे नाव आजही त्या भागात घेतलं जातं. इतकं होऊनही संप मोडला नाही. शेवटी मागणी मान्य करावी लागली. पुढे परुळेकर पती-पत्नीला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं, तरी जंगलकामगारांचा लढा चालू राहिला.

मला वाटतं, या लढ्याची खरी परीक्षा इथेच झाली. नेते हद्दपार, सभांना बंदी, आणि तरीही माणसं आपल्या शब्दावर ठाम. आपण वर्गाबाहेर गेलो तरी वर्ग शांतपणे काम करतोय, असं झालं की आपल्याला किती बरं वाटतं! ते लहान उदाहरण झालं. तिथे प्राणावर बेतत होतं.

स्वातंत्र्यानंतर

देश स्वतंत्र झाला, पण जमीन कसणाऱ्याच्या नावावर लगेच झाली नाही. त्यामुळे गोदावरीबाईंचं कामही थांबलं नाही. भूमिगत राहणं, अटक, तुरुंग हे स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या वाट्याला आलं. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६५ मध्ये ते मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात असतानाच वारले. गोदावरीबाई त्यानंतर तीस वर्षं जगल्या आणि काम करत राहिल्या.

१९७० मध्ये त्यांचं जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक आलं. वारल्यांबरोबरच्या त्या दिवसांची हकीकत त्यात आहे. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मागवताना हे नाव यादीत जरूर घाला. मुलांसाठी थोडं जड आहे, पण आपल्यासाठी नक्की आहे. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं.

आज तलासरीत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. जिथे कर्जाचा हिशेब वाचता येत नव्हता, तिथल्या नातवंडा-पणतवंडांना पदवी मिळते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिलाही गोदूताईंचंच नाव आहे. आणि २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेले शेतकरी तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. पायांना फोड आलेल्या त्या आदिवासी बायका वनजमिनीचा हक्क मागत होत्या. ते लाल झेंडे झरीच्या परिषदेपासून चालत आलेले आहेत.

हा पाठ आपल्याकडे का हवा?

आता थोडं मनातलं बोलते.

माझ्या वर्गात आज हजेरी पूर्ण आहे. ठाकर, कातकरी, आगरी, मराठा, बौद्ध, सगळी मुलं एका सतरंजीवर बसतात. पण मला माहीत आहे, दिवाळीची सुट्टी संपल्यावर काही जागा रिकाम्या असतील. कातकरी आई-बाप पावसाळ्यातच भट्टीवाल्याकडून आगाऊ पैसे घेतात. सणाला, आजारपणाला, कधी नुसतं पोटाला. मग दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं. अंगावरचे पैसे फिटेपर्यंत परत येणं नाही. पावसाच्या तोंडावर मुलं येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात.

वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. कागदावर आता कुणी वेठबिगार नाही. पण खावटी आणि लग्नगडी यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली रिकामी जागा दिसली.

एक चूक कबूल करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी चौथीतला एक कातकरी मुलगा सहा महिन्यांनी परत आला. मी सगळ्या वर्गासमोर त्याला विचारलं, की शाळा आवडत नाही का? तुझ्या आई-बाबांना शिक्षणाचं महत्त्वच नाही का? तो काही बोलला नाही, खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी वाडीवर गेले. त्याच्या आईनं मला चटई टाकून दिली आणि हळूहळू सगळं सांगितलं. किती पैसे घेतले, किती विटा पाडल्या, किती फिटले, किती राहिले. हिशेब तिला तोंडी सांगता येत होता, पण वहीत काय लिहिलंय ते तिला माहीत नव्हतं. मी प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला होता.

गोदावरीबाईंच्या आयुष्यातून मी घेतलं ते एवढंच. आधी जाऊन बसायचं, ऐकायचं. नाही म्हणायची ताकद त्या माणसात असतेच, आपण फक्त त्याच्या बाजूला उभं राहायचं. म्हणून वर्गात ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्या. शिकलेल्या बाई आल्या आणि त्यांनी अडाणी आदिवासींना सोडवलं, अशी गोष्ट सांगू नका. समोर बसलेलं ठाकर किंवा कातकरी मूल ती ऐकत असतं. झरीला वेठ बंद करायचं ठरवलं ते वारल्यांनी. तलवाड्याला प्राण दिले ते वारल्यांनी. बाईंचा मोठेपणा हा की त्या सोबत राहिल्या आणि तुरुंगात जावं लागलं तरी हटल्या नाहीत.

वर्गात काय घेता येईल?

१. नकाशा : कर्जत, खोपोली, कल्याण, टिटवाळा, डहाणू, तलासरी ही ठिकाणं मुलांना नकाशात शोधायला लावा. कोणत्या लोकलनं कुठे गाडी बदलावी लागेल, हेही विचारा.

२. गणित : एक रुपया म्हणजे सोळा आणे. मग बारा आणे म्हणजे आजचे किती पैसे? (७५ पैसे.) ५०० पौंड म्हणजे साधारण २२७ किलो गवत. ते कापायला अडीच रुपये, तर १०० पौंडांना किती? (आठ आणे.) उदाहरण सोडवून झालं की इतकं गवत आपण सगळे मिळून उचलू शकू का, असं विचारा. मुलं फार छान बोलतात.

३. भाषा : कातकरी आणि ठाकरी बोलीतले दहा शब्द त्या मुलांनाच फळ्यावर सांगू द्या. बाकीच्या मुलांनी आणि आपण ते शिकायचे. त्या दिवशी शिक्षक ते असतात.

४. हिशेबाची वही : पाचवीपासून पुढच्या मुलांना घेतलेले पैसे, केलेलं काम, फिटलेले पैसे आणि बाकी असे चार रकाने आखायला शिकवा. ही वही घरी जाऊ द्या. माझ्या मते या पाठाचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे.

पालकांसाठी

तुमच्या मुलाच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर ते दिवाळीनंतर का येत नाही, हे घरी बोला. ती मुलं शाळा बुडवतात, असं मुलांसमोर म्हणू नका. जमलं तर त्या मुलाची वह्या-पुस्तकं जपून ठेवायची जबाबदारी आपल्या मुलावर द्या. माझ्या वर्गात गेल्या वर्षी दोन मुलींनी हे केलं. मैत्रीण परत आली तेव्हा तिची वही कव्हर घालून तयार होती.

आणि शिक्षकांसाठी

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी एकदा वाडीवर जाऊन या. कोण जाणार, कुठे जाणार, कधी परतणार, हे लिहून घ्या. शिक्षण हमी कार्ड मुलांच्या हातात द्या आणि जिथे भट्टी आहे तिथल्या जवळच्या शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना फोन करा. मुलांना मागे ठेवायला आजी-आजोबा तयार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्या. सगळी मुलं थांबतील असं नाही. माझ्या वर्गात मागच्या वर्षी पाचपैकी दोन थांबली. यंदा तिसरं थांबावं म्हणून मी आत्तापासून त्याच्या आजीकडे चकरा मारतेय.

१४ ऑगस्टच्या परिपाठात पाच मिनिटं काढा आणि गोदावरीबाईंची ही गोष्ट सांगा. कुणाला भाषण हवं असेल तर यातलाच भाग घ्या, माझी काही हरकत नाही. तुमच्या वर्गात मुलांनी काय प्रश्न विचारले, ते मला जरूर कळवा.